धडा तपासायला चीनला

चीनला जाणार म्हटल्यावर "खाणार काय तिथं?" हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. आईनं विचारला नाही. तिनं विचारलं, "ह्युएनत्संगचं गाव लागतं का गं वाटेत?" ह्युएनत्संग म्हणजे इतिहासाच्या धड्यातला, सातव्या शतकात भारत फिरून गेलेला चिनी बौद्ध भिक्षू.

आई सोलापूरची. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आता अडुसष्ट वर्षांची आहे आणि डाव्या गुडघ्यानं संप पुकारलाय. बाबा स्वतःची गादी सोडून कुठं झोपत नाहीत, त्यामुळे ते आधीच गळाले. उरलो आम्ही दोघी. मी पुण्यात नोकरी करते आणि आखणी करायची मला खोडच आहे. माझा तक्ता तयार होता: बीजिंगला पाच दिवस, शिआनला चार, मधे बुलेट ट्रेन, रोज एकच मोठं ठिकाण आणि दुपारी खोलीवर आराम. आईनं तक्ता वाचला, छान आहे म्हणाली आणि जुन्या डायरीच्या मागच्या पानावर स्वतःची यादी केली. तीनच ओळी. ह्युएनत्संग. डॉ. कोटणीस. भिंत चंद्रावरून दिसते का?

तिसऱ्या ओळीचा निकाल पुण्यात बसूनच लागला असता. २००३ साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई परत आला तेव्हा त्यानंच सांगितलं की वरून भिंत दिसली नाही. आणि तो तर पृथ्वीभोवतीच फिरत होता, चंद्र राहिला लांब. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एकतीस वर्षं पोरांना दिसते म्हणून सांगितलंय. आधी भिंत बघू दे, मग ठरवते."

कागदपत्रांचं आधी सांगून टाकते, कारण जाणाऱ्यांना तेच हवं असतं. व्हिसाचा फॉर्म लांबलचक आहे. आईवडिलांची नावं, शिक्षण, नोकऱ्या, आधी कुठले देश पाहिलेत, सगळं विचारतात. आईला त्यात परीक्षेचा पेपर सोडवल्याचा आनंद झाला. खरी गोची नावाची. तिकडं प्रेक्षणीय स्थळ असो की रेल्वे, तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं, हातात कागद येत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावाला जोडून बाबांचं नाव आहे, जसं आपल्याकडं बहुतेक बायकांचं असतं. मी आळसानं बाबांना गाळून पहिलं तिकीट काढलं आणि मग दोन रात्री झोप नाही. दारावरच्या माणसानं पासपोर्ट यंत्रावर ठेवला, हिरवा दिवा लागला, आत सोडलं. तरी पुढची सगळी तिकिटं मी बाबांसकट काढली.

बीजिंगच्या राजवाड्याची तिकिटं सात दिवस आधी, तिथल्या रात्री आठला खुली होतात. म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून ती काढली. सोमवारी राजवाडा बंद असतो, हे तारीख धरताना लक्षात ठेवा. आणि १ ऑक्टोबरच्या त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात चुकूनही जाऊ नका, अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो. आम्ही सप्टेंबरच्या मध्यावर गेलो. पैशांसाठी अलीपे या तिथल्या पैसे भरायच्या ॲपमध्ये आपलं क्रेडिट कार्ड जोडून ठेवलं होतं. रस्त्यावरच्या कणसापासून टॅक्सीपर्यंत सगळं त्यावर चाललं. यूपीआयची सवय झालेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही, आईला मात्र नोटा बाळगूनही कुणी मागत नाही याचंच वाईट वाटत होतं. तिनं शंभर युआनच्या नोटा पर्सच्या चोरकप्प्यात जपून ठेवल्या.

आणि खाण्याचं म्हणाल तर सोलापूरच्या माणसानं कशाला काळजी करावी. कडक भाकरीच्या दोन चवडी आणि शेंगाचटणीची तीन पाकिटं. बॅगेच्या वजनात दीड किलो तेच होतं.

*

पहिल्याच दिवशी एक शब्द पाठ झाला: यिनदू. विमानतळावर, लिफ्टमध्ये, बाकावर शेजारी बसलेल्या आजीकडून, एकच प्रश्न यायचा आणि आम्ही म्हणायचो, "यिनदू." भारत. की समोरचा हसायचा, आईच्या साडीकडं बोट करायचा, अंगठा दाखवायचा. आई म्हणाली, "शब्द ओळखीचा वाटतोय. हिंदू नाही, सिंधू नाही, मधलंच काहीतरी." तेव्हा आम्ही तो तिथंच सोडला.

राजवाडा, म्हणजे निषिद्ध नगरी, दक्षिणेच्या दारानं शिरायचं आणि उत्तरेच्या दारानं बाहेर पडायचं. मधे जवळजवळ एक किलोमीटर फरसबंदी, सावली कुठंच नाही. १४२० साली बांधून झाला, मिंग आणि छिंग घराण्यांचे मिळून २४ बादशहा इथं राहिले. हे सगळं मी वाचून गेले होते. उंबरठ्यांचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या दारांना घोट्याच्या वर, कुठं कुठं पोटरीपर्यंत येणारे लाकडी उंबरठे. ज्याचा गुडघा वाकत नाही त्यानं काय करायचं? पाय ठेवून चढावं तर आई उंबरठ्यावर पाय ठेवणार नाही. "लक्ष्मी असते." मी म्हटलं, आई, ही त्यांची लक्ष्मी आहे. "लक्ष्मीत त्यांची-आपली काय?" मग प्रत्येक दारापाशी ती माझा खांदा धरून, उजवा पाय आधी, डावा मागून ओढत, ओलांडायची. मागं माणसांची रांग थांबायची. तिसऱ्या दाराशी एक चिनी आजोबा तसेच, नातवाचा खांदा धरून, उंबरठ्याला पाय न लावता उतरले. दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली. नंतर कळलं, त्यांच्याकडंही देवळाच्या उंबरठ्यावर पाय देत नाहीत.

शेवटचा बादशहा पूयी पोरवयात सायकल शिकला तेव्हा मधे येतात म्हणून त्यानं काही उंबरठे कापायला लावले होते. आईला हे सांगितलं तर ती एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "म्हणूनच गेलं राज्य." १९२४ साली त्याला वाड्याबाहेर काढलं आणि पुढच्या वर्षी वाड्याचं संग्रहालय झालं.

मागच्या बाजूला, एका महालाच्या पायऱ्यांमधे, ड्रॅगन कोरलेली एकसंध शिळा उताराला पसरली आहे. साडेसोळा मीटर लांब, दोनशे टनांहून जड. ती ओढून आणायला ऐन थंडीत रस्त्यावर पाणी ओतून बर्फाची वाट केली होती. आई तिथं पंधरा मिनिटं उभी होती. सिंहासनापाशी दोन मिनिटंही नव्हती. तिथं इतकी झुंबड होती की आईला सिंहासन माझ्या फोनमध्येच नीट दिसलं.

भिंतीला आम्ही मुतियान्यूला गेलो, बीजिंगपासून सत्तरेक किलोमीटर. आईवडिलांना न्यायचं तर तेच बरं, कारण रोपवेच्या पाळण्यातून थेट चौदाव्या बुरुजाशी उतरता येतं. पण वर पोचल्यावर भिंत सपाट नसते, हे सांगायला कुणी नसतं. डोंगराची धार जशी तशी भिंत, पायऱ्या कुठं वीतभर, कुठं गुडघाभर. आम्ही एक बुरूज गाठला, सावलीत बसलो, भाकरी मोडली. दोन्ही अंगांना कंगोरे असलेली ती वाट एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाताना दिसत होती. आई बराच वेळ दोन्ही हात पसरून रुंदी मापत होती. मग म्हणाली, "लांब आहे म्हणून वरून दिसायची कशी? रुंदीला तर आमच्या गल्लीएवढी. केस लांब असला म्हणून गच्चीवरून दिसतो का?" डायरीत तिसऱ्या ओळीवर काट मारली. परतीच्या गाडीत तिनं एकदाच विचारलं, "किती पोरं झाली असतील गं एकतीस वर्षांत?" आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

उन्हाळी राजवाड्याचं मला दोन ओळींत आटपायचं होतं. तळं, बाग, ७२८ मीटर लांबीची रंगवलेली, छत असलेली वाट, बसायला जागोजागी बाक, ज्येष्ठांना अगदी सोयीचं. पण तिथली एक गोष्ट राहून गेली तर आई रागवेल. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी हा भाग जाळला, आज आहे ते नंतर पुन्हा उभारलेलं. ती लढाई दुसरं अफूयुद्ध. इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानी पलटणी होत्या, आणि अफू होती बंगालची नि माळव्याची; माळव्याची जायची मुंबई बंदरातून. मुंबईच्या कितीतरी व्यापाऱ्यांची संपत्ती त्या धंद्यातली, सर जमशेटजी जीजीभॉय धरून. आई म्हणाली, "तुझा जन्म जेजे इस्पितळातला." मी गप्प. संगमरवरी नौकेसमोर लोक फोटो काढत होते, आमचाही कुणीतरी काढला. त्यात आम्ही दोघी चोरी पकडल्यासारख्या दिसतो.

*

कोटणीस माझ्या तक्त्यात नव्हते. आईच्या यादीत असलेलं बघून मी नकाशा काढला आणि लक्षात आलं, बीजिंगहून शिआनला जाणाऱ्या गाड्या शिजियाज्वांगवरूनच जातात, आणि त्यांची समाधी तिथंच आहे. बीजिंगपासून दीडेक तास. सकाळच्या गाडीनं उतरायचं, सामान स्टेशनच्या सामानघरात टाकायचं, दुपारच्या गाडीनं पुढं. तिकिटं दोन काढावी लागली, एवढंच.

सोलापूरच्या मुलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस सांगावे लागत नाहीत, बाकीच्यांसाठी थोडक्यात: जन्म १९१०, सोलापूर. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यात हे एक, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. कॅनडाहून चीनच्या मदतीला आलेल्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले, तिथंच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये अपस्माराच्या झटक्यांनी गेले. चिनी नाव के दीहुआ. हुआ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपल्या नावात तो शब्द जोडून घेतला होता.

हुतात्म्यांचं स्मशान म्हणजे मोठी बागच आहे, पाइनची उंच झाडं, लोक सकाळचे व्यायाम करतायत. कोटणीसांचा पुतळा नि समाधी सापडायला वेळ लागला नाही. आईनं बुटांचे बंद सोडायला घेतले. गुडघ्यामुळं खाली वाकता येईना म्हणून ती कठड्यावर टेकली. एक पहारेकरी धावतच आला. त्याला वाटलं, बाईंना चक्कर आली. फोनवरच्या अनुवादानं काय सांगितलं कोण जाणे, त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ वाढतच गेला. शेवटी आईनंच स्वतःकडं बोट केलं आणि म्हणाली, "यिनदू." मग पुतळ्याकडं बोट करून, "सोलापूर." सोलापूर त्याला कळायचं कारण नव्हतं. पण तो म्हणाला, "आ! के दीहुआ!" आणि आत जाऊन एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला.

आई मोज्यांवर खुर्चीत बसली. फूल नाही, हार नाही, आम्हाला सुचलंच नव्हतं. तिनं दगडावरची सालं वाचली, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "बत्तीस." मी म्हटलं, हो. "शिकवताना मी म्हणायचे, कोटणीसांनी प्राणार्पण केलं. हे कधी मोजलं नव्हतं." मुलगा साडेतीन महिन्यांचा होता तेव्हा. त्याचं नाव यिनहुआ. यिन हे भारताचं, हुआ चीनचं. तोही डॉक्टरकी शिकत असताना १९६७ मध्ये गेला. हे मी आईला तिथं सांगितलं नाही, गाडीत बसल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "यिनदूतला यिन?" मी हो म्हटलं. मग तिनं डब्यातल्या नळाचं उकळतं पाणी घेतलं (चीनमध्ये स्टेशनवर, गाडीत, हॉटेलात, सगळीकडं फुकट उकळतं पाणी मिळतं, आमच्या आईच्या लेखी हीच खरी प्रगती), घोट घेतला आणि शिआन येईपर्यंत मक्याची शेतं बघत बसली. वरच्या पाटीवर वेग तीनशेच्या आसपास दिसत होता.

*

शिआनला पहिल्या रात्री खाण्यावरून फजिती झाली. नाव सांगत नाही, पण हॉटेलाजवळच्या खानावळीत मी तीनदा विचारलं की मांस नाही ना. नाही म्हणाले. फरसबीची भाजी आली, छान परतलेली, आणि तिच्यात बारीक खिमा. त्यांच्या मते ते मांस नव्हे, चवीपुरतं. तिथून पुढं मी "मांस नको" म्हणणं सोडलं आणि "छ्र-सू" म्हणायला शिकले, म्हणजे देवाधर्माचं शाकाहारी. त्याचा अर्थ लगेच पोचतो. बौद्ध भिक्षू खातात तसं.

दुसऱ्या दिवशी तटबंदीजवळच्या गल्लीत ल्यांगफी मिळालं. थंड, पांढुरक्या, रुंद पट्ट्या, वर तिखटाचं तेल, व्हिनेगर, काकडी. आईनं एक पट्टी उचलली, उजेडात धरली, दातांनी तोडली आणि थांबली. "चीक आहे हा."

"कसला चीक?"

"गव्हाचा. कुरडयांचा. अगं हे चीकच शिजवलाय, फक्त सोऱ्यातून न पाडता थापलाय."

मला पटेना. तिनं उठून सरळ त्या बाईच्या ओट्यापाशी जाऊन बघितलं. पातेल्यात पांढरं पाणी निवत ठेवलेलं, तळाशी साका, शेजारी धुऊन काढलेला गव्हाचा चिकट गोळा. आपण गहू तीन दिवस भिजवून वाटतो, त्या कणीक मळून पाण्यात धुतात; पण वर पाणी, खाली साका, वरचं ओतून टाकायचं, हे तंतोतंत तेच. तो साका ताटलीत ओतून वाफवला की झालं. आईनं बोटानं साक्याचा दाटपणा दाखवला, बाईनं मान डोलावली, आईनं हातानं कुरडई पाडून दाखवली, बाईला काहीच कळलं नाही, पण तिनं एक ताटली जास्त दिली. त्या गल्लीत आम्ही पुढचे सगळे दिवस जेवलो. भाकरीची एक चवड तशीच परत आली.

मातीच्या सैन्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आकडे थोडक्यात देते. छिन घराण्याचा पहिला सम्राट इसवी सनापूर्वी २१० मध्ये मेला. त्याच्या थडग्याच्या राखणीला पुरलेले सैनिक, एकूण आठेक हजारांचा अंदाज, पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ रुंद, वर विमानाच्या हॅंगरसारखं छप्पर. प्रत्यक्ष थडगं अजून उघडलेलं नाही, जवळच झाडीनं झाकलेला ढिगारा आहे. फाटकापासून खड्ड्यांपर्यंत विजेवरची गाडी मिळते, ज्येष्ठ बरोबर असतील तर ती घ्याच.

सगळे कठड्याच्या मधोमध, समोरून फोटो घ्यायला चेंगरतात. आई बाजूच्या कठड्यानं सावकाश चालत गेली. रांगेतल्या एकेका चेहऱ्याकडं बोट करत, पुटपुटत. जवळ जाऊन ऐकलं तर हजेरी चालली होती. "हा शेवटच्या बाकावरचा. हा वर्गप्रमुख. ह्याला घरी मार बसत असणार. ही मिशी बघ, हा नापास." चेहरे खरंच वेगवेगळे आहेत. आणि मागच्या भागात, जिथं अजून जुळवाजुळव चालू आहे, तिथं मुंडकी, हात, धडं वेगवेगळी मांडलेली, प्रत्येकाला चिठ्ठी. हे सैन्य उभंच्या उभं सापडलं अशी माझी समजूत होती. नाही. छत कोसळून, जळून, जवळजवळ सगळ्यांचा चुरा झालेला होता; उभा दिसणारा प्रत्येक जण कुणीतरी तुकडा तुकडा जोडून उभा केलाय. रंगवलेले होते, पण उघड्यावर आल्यावर थोड्याच वेळात रंगाचे पापुद्रे सुटले.

मग आम्ही त्या पाटीपाशी आलो. इथं विहीर होती. मार्च १९७४, पाणी नव्हतं म्हणून गावातले शेतकरी विहीर खणत होते. आधी भाजल्यासारखी लाल, कडक माती लागली, मग खापऱ्या, मग मातीचं डोकं.

आई कठड्याला दोन्ही हातांनी धरून खाली बघत राहिली. तिचं माहेर सांगोल्याकडचं. '७२ च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती. तिच्या वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. "तात्यांनी चाळीस फूट नेली होती," ती म्हणाली. "वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. आम्ही पोरी घमेली वर ओढायचो. रोज संध्याकाळी तात्या वर आले की आई विचारायची, 'काय लागलं?' ते म्हणायचे, 'दगुड.'" थोडं थांबून तिनं विचारलं, "ह्यांना पाणी लागलं का?"

मी म्हटलं, विहीर अर्धीच राहिली, उत्खननवाले आले.

"म्हणजे नाहीच." ती वळली. "चला. दोन वर्षं नव्हता पाऊस आमच्याकडं. आम्हाला असलं काही लागलं असतं तर आधी तात्यांनी कपाळाला हात मारला असता."

बाहेर पडायच्या वाटेवर डाळिंबांचे ढीग. हा लिंतोंगचा भाग डाळिंबांसाठी प्रसिद्ध आहे, हे मला तिथं जाऊन कळलं, आणि सोलापूरकराला डाळिंब विकायला बसलेल्या बाईची मला आधीच दया आली. आईनं फळ हातात घेतलं, टिचकी मारून आवाज ऐकला, खाली ठेवलं, दुसरं घेतलं. साल फिकट, आपल्या 'भगवा' जातीसारखी लालबुंद नाही. बाईनं सुरी पुढं केली. आईनं नको म्हटलं, नखानं मुकुट उपसला, फळ फळीच्या कडेवर एकदा आपटलं आणि अंगठे घालून उलगडलं. एक दाणा सांडला नाही. बाई ओरडलीच, शेजारच्या दोघी बघायला आल्या. आईनं चार दाणे तोंडात टाकले. "गोड आहे. बी जरा मोठं. पण गोड आहे." तिच्याकडून ही पावती म्हणजे निर्यातीचा परवानाच. चोरकप्प्यातली शंभराची पहिली नोट तिथं बाहेर आली.

*

ह्युएनत्संग शेवटच्या सकाळसाठी ठेवला होता. मोठ्या रानहंसांचा मनोरा, दायान था, ६५२ साली उभारला, भारतातून आणलेली पोथ्यापुस्तकं ठेवायला. त्यानं ६४५ मध्ये परतताना ६५७ ग्रंथ आणले होते. समोरच्या चौकात त्याचा उंच पुतळा, हातात दंड.

आईला इथं भाषेनंच आधी दगा दिला. तिनं तिकीटखिडकीवरच्या मुलीला पुतळा दाखवून म्हटलं, "ह्युएनत्संग." मुलगी कोरी. "ह्युएनत्संग!" जरा मोठ्यानं, वर्गात म्हणतात तसं. मी फोनवर अक्षरं दाखवली. "आ, श्वेन-त्सांग," मुलगी म्हणाली. आई माझ्याकडं वळली. "आता काय हे नावही चूक शिकवलं म्हणायचं?" मी म्हटलं, हल्लीच्या पुस्तकांत युआन श्वांग लिहितात. "तेही नाही की हे!"

पुतळ्यापुढं उभी राहून तिनं मला धडा म्हणून दाखवला. पुलकेशीच्या महाराष्ट्रात हा साधारण ६४१ मध्ये आला होता. इथली माणसं साधी, ताठ, उपकाराला जागणारी आणि अपमान झाला तर जिवावर उदार होणारी, असं त्यानं लिहिलंय. सूड घ्यायचा तरी शत्रूला आधी कळवतात म्हणे. डोंगरात कोरलेल्या विहाराचं वर्णनही आहे, ते अजिंठ्याचं असावं असं मानतात. मी तिला एक भर घातली, जी मला आदल्या रात्रीच वाचायला मिळाली होती: आधी चिनी लोक भारताला दोनचार वेगळ्या नावांनी ओळखायचे, 'यिनदू' हाच खरा उच्चार असं ह्यानं लिहून ठेवलं आणि तो शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ त्यानं दिलाय, चंद्र.

"इंदू!" आई म्हणाली. "अगं, म्हणजे आपली इंदूमावशी! आणि मी आठ दिवस हिंदू-सिंधू करत बसले."

मनोऱ्याचा जिना चढणं तिला शक्य नव्हतं. "तू जा, मी बसते. वरून नीट बघ आणि सांग." सात मजले, लाकडी अरुंद जिना, चौसष्ट मीटर. वरच्या खिडक्यांतून चारी दिशांना सरळ रस्ते दिसतात, आणि हो, मनोरा थोडा कललेला आहे, पण आतून जाणवत नाही. मी घाईघाईनं फोटो काढले. आईला एकटं सोडून वीस मिनिटं झाली होती.

खाली आले तर बाकावर आई नाही. छातीत धस्स झालं. चौकात शोधत गेले, तर एका घोळक्याच्या मधे साडीचा पदर दिसला. तिकडच्या बागांतून, चौकांतून म्हातारी माणसं भल्या दांड्याला लावलेला स्पंजाचा कुंचला बादलीत बुडवून फरशीवर पाण्यानं अक्षरं काढत असतात, सुलेखनाचा रियाज म्हणून. तसे एक टोपीवाले आजोबा. त्यांच्या पायाशी दोन ठसठशीत अक्षरं ओली होती. मी फोन धरून बघितलं: यिनदू. आणि कुंचला आईच्या हातात.

तिनं दांडा तलवारीसारखा धरला होता. 'म' काढला, 'हा' काढला, 'रा'च्या कान्यापाशी पाणी संपलं. आजोबांनी बादली पुढं सरकवली. तिनं कुंचला बुडवून 'ष्ट्र' पुरं करेपर्यंत उन्हानं 'म' पुसून टाकला होता. आई खळ्यात मळणीला फिरावं तशी परत मागं गेली, 'म' गिरवला. तोवर 'ष्ट्र' गेलं. लोक हसायला लागले, तीही.

मग आजोबांनी कुंचला मागून घेतला आणि 'म'ची नक्कल केली. त्यांनी आधी वरची रेघ ओढली, मग उभी दांडी, मग गाठ कशीतरी तिला चिकटवली. आईचा चेहराच बदलला. तिनं पुढं होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला, कुंचला परत डावीकडं नेला आणि त्यांना मराठी येतं अशा थाटात म्हणाली, "असं नाही. आधी गाठ. मग दांडी. रेघ शेवटी."